टर्बोचं काज

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गेले कित्येक आठवडे मी गाडीखाली आडवाच असल्यामुळे साष्टांग हा शब्द अक्षरशः घ्यावा, फक्त पालथा नसून उताणा.) तुझी तब्येत, भावोजींची कंबर आणि फाटकाच्या दोन्ही अंगांना तू मांडलेल्या कुंड्या खुशाल असतील अशी आशा आहे. कुंड्या अजून तिथेच आहेत ना? सहज विचारतोय. इकडे आई ठीक, मी ठीक, आणि जिच्याबद्दल तू फोनवर विचारायचं टाळतेस त्या बाबांच्या गाडीसाठीच हे पत्र. फोनवरच सांगितलं असतं, पण तिथे तू दर वाक्याला "अरे, पण" म्हणतेस आणि मी काय सांगत होतो तेच विसरतो.

आपलं काय ठरलं होतं ते मला पाठ आहे. तू येईपर्यंत गाडी चालू झाली नाही तर ती भंगारवाल्याकडे जायची आणि त्या जागी तुझ्या मनातली बाग व्हायची. तुझं चुकत होतं असं नाही. गाडी इतकी पळाली होती की अंतराचा काटाच मध्ये कधीतरी थकून थांबला. चढावर ती धूर ओकायची, सपाटीवर ऑइल प्यायची, आणि बाबा गेल्यापासून जागची हललेली नव्हती. "आणि आईही हललेली नाही," असं तू म्हणालीस ते मात्र मला फार लागलं, कारण ते खरं होतं. तू किती वेळा बोलावलंस, पण बसने नको, कोणी न्यायला नको, आणि कारण विचारलं तर शिवणाची घाई. दिवसभर मशीनपाशी बसायचं आणि खिडकीतून त्या गाडीकडे बघत राहायचं. मला वाटलं, गाडीही गेली तर ही बघणार कुठे? म्हणून मी इंजिन उघडायचं ठरवलं.

गॅरेजवाल्याने खर्चाचा अंदाज सांगितला तेव्हा मी "घरी विचारून सांगतो" म्हणून जो निघालो, तो अजून त्या गल्लीतून जात नाही. घरी येऊन मनाशी म्हटलं, आपण घड्याळजी माणूस. इंजिन म्हणजे तरी काय, मोठं घड्याळच. चाकं, दाते, स्क्रू, सगळं तेच. उलट भिंगाची गरज नाही. (हा विचार सुचला तो दिवस मला परत मिळाला तर मी तो झोपून काढीन.) इंजिन बाहेर काढून पुढच्या खोलीत आणलं. खोलीला तो मान झेपला नाही, दोन फरशा तडकल्या. मी प्रत्येक बोल्ट ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवला आणि दुकानात गेलो. परत येऊन बघतो तर आईने आवरलं होतं. आई आवरते म्हणजे काय हे तुला सांगायला नको. सगळे बोल्ट घासूनपुसून बटणांच्या डब्यांत, आकारवार, त्यातही चकचकीत वेगळे आणि रोजच्या वापराचे वेगळे. कुठला कुठे जायचा हे ठरवण्यात माझे जे दिवस गेले त्यांची आठवण काढत नाही.

पैसे बेताचे असल्यामुळे मी एक धोरण आखलं. जे घासतं आणि झिजतं ते नवं घ्यायचं, म्हणजे रिंगा, बेअरिंगं आणि हेडचं गॅस्केट (दोन भागांच्या सांध्यात बसून गळती रोखणारी चकती); बाकी सगळं जुनं चालवून घ्यायचं. आता हे जुनं सामान मिळणार कुठे? भंगारवाल्याकडेच! हा गृहस्थ दर आठवड्याला आपल्या गाडीला भेटायला यायचा, दवाखान्यात पेशंटला भेटायला यावं तसा. पायरीवर बसायचा, चहा घ्यायचा, आवाज उतरवून "काही खरं दिसत नाही हो" म्हणायचा आणि जाताना मला दुसऱ्या एखाद्या गाडीचा सुटा भाग विकून जायचा. गाडी भंगारात जायची ती राहिली बाजूला, भंगारच हप्त्याहप्त्याने गाडीत येऊ लागलं. टर्बोही त्याच्याकडूनच घेतला. (टर्बो म्हणजे गाडीच्याच धुरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्याला सारखं ऑइल लागतं. ते वरून येतं आणि खालच्या भोकातून निथळून जातं. एवढं लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.)

जोडणीचं म्हणशील तर माझ्या हाताला घड्याळाची सवय. हेडचे बोल्ट मी चिमटीत धरून, श्वास रोखून, अलगद आवळले. कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमधले लेथवाले काका सहज डोकावले, त्यांनी एक बोल्ट बोटांनी फिरवून काढला आणि "हे मनगटावर बांधणार आहेस का?" एवढंच विचारून निघून गेले. मग भावोजींचा तो किती जोर लावला ते दाखवणारा पाना आणला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून आवळलं. (पाना हरवलेला नाही. ता. क. बघ.)

आता मुख्य प्रकरण. स्वस्तातल्या गॅस्केटच्या पाकिटात टर्बोखालचं, त्या निथळायच्या भोकाचं, कागदी गॅस्केट निघालंच नाही. मी गॅस्केटचा कागद आणून कातरायला घेतला. तीन वेळा वाया घालवला. आईने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "आण इकडे. कागद आहे तो, त्याचा जीव घेऊ नकोस." टर्बो मांडीवर घेतला, खडूने आखला आणि असं गॅस्केट कापून दिलं की ते इंजिनात घालायला माझं मन होईना. कडेने एक टीप मारायचीही तिची इच्छा होती, ती मी महत्प्रयासाने मोडून काढली.

गाडी चालू करायच्या दिवशी भंगारवाला इस्त्रीचा शर्ट घालून आणि दोर घेऊन हजर. दुसऱ्या फिरकीला इंजिन लागलं. ताई, काय आवाज होता! नुकतं ऑइल दिलेलं घड्याळ चालावं तसं ते चालत होतं. आई दाराबाहेर येऊन उभी राहिली. कित्येक महिन्यांत उंबऱ्याबाहेर तिचं ते पहिलं पाऊल. आणि तेवढ्यात सायलेन्सरमधून जो निळा धूर सुटला म्हणतेस! आधी गाडी दिसेनाशी झाली, मग अंगण, मग शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे, आणि शेवटी शेजारी, पण त्यांचा आवाज येत होता. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मला वाटलं रिंगा गेल्या, सगळंच गेलं. धूर विरला तेव्हा आई घरात निघून गेली होती. खोटं कशाला लिहू, मी तिथेच मातीत बसून रडलो. भंगारवाल्याने एक हात माझ्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने दोराची गाठ सोडायला घेतली.

मी म्हटलं, निदान तुमचा टर्बो तरी परत घ्या. तो म्हणाला, घेतो, निम्म्यात. म्हणून टर्बो उतरवला, तर खालचं गॅस्केट हाताला लागलं. भोक पाहिलं. असायला हवं त्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं! ऑइलला खाली निथळायला वाट नाही, तेव्हा ते तुंबून सायलेन्सरमध्ये घुसत होतं आणि जळत होतं. रिंगा बिचाऱ्या ठणठणीत होत्या. गॅस्केट घेऊन धावत आत गेलो. आई मशीनवर होती. "आई, हे भोक एवढंसं का?" तिने मान वर न करता सांगितलं, "काज नेहमी अंमळ लहानच कापायचं. वापराने सैल होतं."

मी तिचीच कात्री उचलली. भोक कातरून मोठं केलं आणि टर्बो पुन्हा बसवला. आतलं ऑइल जळेपर्यंत थोडा धूर आला, मग तो विरळ झाला आणि मग नाहीच. आई म्हणाली, "काज नाहीये हे आधी सांगायचंस." भंगारवाल्याने दोर गुंडाळला, चहा घेतला आणि जरा दुखावलेल्या आवाजात ऑइल वेळेवर बदलायला सांगून गेला. तेव्हा बाग रद्द समजावी. बाबांची आठवण अंगणात जिवंत आहे आणि आईच्या खिडकीला बघायला काहीतरी आहे, यातच मला सगळं मिळालं.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. भावोजींचा पाना आईच्या मशीनच्या खणात आहे. ती त्याने कापड दाबून धरते. परत मागायची माझी छाती नाही. भावोजींनी स्वतः मागून बघावं.

ता. क. २. वरचं पत्र आईला वाचून दाखवलं. शेवट ऐकून हसली. म्हणाली, "आठवण कसली बघत होते? फाटकातून ती उलटी कशी काढायची ते बघत होते." बाबांनी तिला एकदाही चालवायला दिली नाही. वर, घरी पोचल्या पोचल्या किल्ली फिरवून तापलेलं इंजिन बंद करायचे. ही शेजारून म्हणायची, जरा दम घेऊ द्या तिला, पण ऐकतंय कोण. तिचा शिकाऊ परवाना आलाय. (मला न सांगता काढला.) ॲक्सिलरेटरवर तिचा पाय असा पडतो की पाणी हिंदकळणार नाही, जन्म पायडलवर गेला आहे. अडचण फक्त थांबण्याची. मशीन थांबवायला ती चाकावर हात ठेवते, आणि गाडीतही ऐन वेळी पायाआधी हातच पुढे होतो. मी शेजारी बसून ओरडतो, ती म्हणते, बाबांसारखा ओरडू नकोस.

ता. क. ३. येत्या रविवारी आम्ही तुझ्याकडे येतोय. चालवणार ती. फाटकाची दोन्ही दारं सताड उघडी ठेव आणि कुंड्या आत घे. आणि तू फाटकात उभी राहू नकोस. तू दिसलीस की ती रस्ता सोडून तुझ्याकडेच बघत बसेल.