बेस नोट येईपर्यंत

३ मार्च
आवक-जावक विभागाच्या प्रमुखपदाची मुलाखत १३ तारखेला. सतरा वर्षं पत्रांवर शिक्के मारले, आता दुसऱ्यांकडून मारून घेणार. शिवाय प्रमुखाला केबिन मिळते. दार लागतं, कुणाचे वास आत येत नाहीत. साहेब मागे म्हणाले होते, तुम्ही खोलीत आलात तरी कळत नाही. इशारा समजलो. परफ्यूम आणला. बायको म्हणाली, अहो, लिफ्टमध्ये कुणाच्या पावडरचा वास आला तरी तुमचं डोकं उठतं. म्हटलं, ते दुसऱ्यांचे वास. हा स्वतःचा.

४ मार्च, सकाळी ९
एक फवारा. रुबाबदार वाटतंय.
९.२०
डोकं ठणकतंय. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

६ मार्च
नंबर तोच आहे. चष्मेवाला म्हणाला, जरा लांब बसता का.

७ मार्च
दुकानात जाऊन जाब विचारला. विक्रेती म्हणाली, काका, याला तीन थर असतात. आधी टॉप नोट, मग मधली, चार तासांनी बेस नोट. खरा वास तो. ‘काका’ खटकलं, पण मुद्दा पटला. माझं वैर फक्त टॉप नोटशी आहे. म्हणजे अकराच्या मुलाखतीला सातला फवारायचं.

९ मार्च
रंगीत तालीम. टॉप नोट गच्चीत काढली, मधली बाथरूमच्या थंड फरशीवर. बेस नोट आली तेव्हा गोळी घेऊन झोपलो होतो. रजा टाकली. बायको म्हणाली, उशीचे अभ्रे तुम्हीच धुवा.

१३ मार्च, सकाळी १०.४०
डोकं दुखतंय, पण वेळापत्रकानुसार. शेजारच्या टेबलवरच्या बाईंना (मुलाखत त्यांचीही आहे) विचारलं, वास येतोय ना? त्या म्हणाल्या, कसला? धाबं दणाणलं. आणखी चार फवारे मारले.
१०.४५
आधीचा उमेदवार आलाच नाही. मला बोलावताहेत. टॉप नोटसकट जातोय.

संध्याकाळी
खोली एसीची, खिडक्या बंद. माझे डोळे उघडत नव्हते, त्यामुळे एकाग्र दिसलो. साहेबांनी विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? म्हटलं, अंधाऱ्या खोलीत, आडवा. कुणी हसलं नाही. प्रामाणिकपणा भिडला असावा. साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर गेले. भरून आलं असेल.

१६ मार्च
प्रमुखपद शेजारच्या टेबलवरच्या बाईंना. त्यांनी पहिली जबाबदारी मात्र मलाच दिली, तीही केबिनच्या दारातूनच: मुलाखतीची खोली वापरण्याजोगी होईपर्यंत तिच्या खिडक्या रोज सकाळी उघडायच्या, संध्याकाळी लावायच्या.
किल्ली माझ्याकडे आहे.