दोर कापायचा असतो

२ ऑक्टोबर
आलो एकदाचे. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघर एवढंसं, की मी वळले की भांडी पडतात. पण खिडकीतून धक्का दिसतो आणि धक्क्याला बांधलेली आमची बोट. जुनीच, पण आमची. ती घेतल्यापासून नवऱ्याला मी कप्तान म्हणते. तो रागावल्यासारखं करतो आणि आतून फुलतो. मलाही खालच्या गल्लीत काम मिळालं, शिडं शिवायच्या कारखान्यात. शिवण म्हणजे माझ्या हातचा मळ.

५ ऑक्टोबर
आज कापडी नांगर शिवायला शिकले. जाड कापडाची नरसाळ्यासारखी पिशवी, तोंड रुंद आणि शेपटाकडे भोक. वादळात बोटीच्या पुढच्या टोकाला दोराने बांधून पाण्यात सोडायची. ती तळाला जात नाही, नुसती पाण्याने भरते आणि बोटीचं तोंड लाटांकडे धरून ठेवते. मी मालकांना विचारलं, आमच्या एवढ्याशा बोटीला कशाला हवेत हे थेर? ते म्हणाले, लहान बोटीलाच आधी हवा. इंजिन बंद पडलं की ती आडवी होते, आणि आडवी झाली की उलटते. मी तिथेच ठरवलं, कप्तानाला एक शिवून द्यायचा, दुहेरी टाक्याचा.

९ ऑक्टोबर
नांगर झाला. सुईने बोटांची चाळण झालीय.
शेजारी जाळी विणणारी म्हातारी राहते. अख्खी गल्ली तिला आत्या म्हणते. तिला कौतुकाने दाखवला, तर म्हणाली, छान आहे, पण वादळ सरलं की दोर कापायचा असतो. नांगर वर ओढायचा नाही. खाली ज्याने बोट धरून ठेवली, त्याचं त्याला द्यायचं. इथे सगळे तसंच करतात, म्हणून तर कारखाना चालतो. मी मान डोलावली. देश तसा वेश ठीक आहे, पण चांगली वस्तू पाण्यात सोडून यायची म्हणजे अतिच झालं. कप्तानाला बजावलं, माझा नांगर परत आणला नाहीस तर जेवायला मिळणार नाही.

१४ ऑक्टोबर
वादळ. कप्तान बाहेर होता. दिवसभर जीव टांगणीला.
आला. इंजिन बंद पडलं होतं, नांगरानेच वाचवलं. कोणीतरी कान धरून उभं करावं तशी बोट उभी राहिली म्हणे. नांगर मात्र फार जड आला. ओढता ओढता हात सोलवटले, पण मी बजावलं होतं ना, म्हणून आणलाच. मी रडले, मग हसले, मग त्याला पोटभर वाढलं. आत्या चौकशीला आली होती. कठड्यावर वाळत घातलेला नांगर पाहिला आणि उंबऱ्यावरूनच परत गेली.

१६ ऑक्टोबर
आमची बोट उलट्या दिशेने उभी आहे. बाकी सगळ्या वाऱ्याबरोबर फिरतात, आमचीचं तोंड सारखं खोल समुद्राकडे. पुढे काही बांधलेलं नाही. कप्तान म्हणतो, प्रवाह असेल. प्रवाह काय आमच्या एकटीलाच आहे?

१७ ऑक्टोबर
जेवताना त्याची खुर्ची सरकली. खिडकीकडे. तो हसला.
संध्याकाळी बाजारातून धक्क्याच्या दिशेने घरी येताना दिसला. मागे झुकून चालत होता, हट्टी बैल दाव्याने ओढत आणल्यासारखा. कोण ओढतंय, विचारलं. तेव्हा हसला नाही.

१८ ऑक्टोबर
आत्याचे पाय धरले. ती म्हणाली, वेळ गेली पोरी. आता तो दोर दिसायचा नाही. आणि खालच्याला आता कापड नको, ज्याने ते ओढून घेतलं तोच हवा आहे.
तरी नांगर धक्क्यावरून फेकला. काही फरक नाही.

१९ ऑक्टोबर
त्याच्या कमरेभोवती वळ. दोराएवढा जाड. पीळसुद्धा उमटलाय.
कात्री घेऊन त्याच्यापुढची हवा कापत राहिले. वेड्यासारखी. तो उभ्याउभ्या सरकत होता — पाय फरशीवर घासत —
माझ्या हट्टापायी. माझ्या.

२० ऑक्टोबर
त्याला दोराने माझ्या कमरेशी बांधलंय. पाय दाराच्या चौकटीला रोवलेत. एका हाताने धरलंय, एका हाताने लिहितेय. आत्या, तूच वाच हे —
चौकट करकरतेय.
तो म्हणतो, सोड. त्यानेच कात्री माझ्या हातात दिली. म्हणतो, हा दोर तरी दिसतोय तुला, हा काप. तू तरी राहा.
नाही रे. कसा कापू —
कात्री खिडकीबाहेर फेकली. तो रडतोय. मी नाही. आता दोघं —