नानांची छाटणीची डायरी

नाना,

आईला घेऊन नाशिकला दवाखान्यात चाललेय. भाजी कढईत आहे, भाकरी टोपलीत.

कपाटातली तुमची छाटणीची जुनी डायरी मी नेतेय, शोधत बसू नका. आई नुसता हात टेकून उठली तर मनगट मोडलं, म्हणून डॉक्टर खोदून खोदून विचारतात. बाळंतपणं किती, अंगावर किती दिवस पाजलं, पाळी कधी थांबली? कमी वयात पाळी गेली की हाडं लवकर ठिसूळ होतात म्हणे. मला हे माहीतच नव्हतं! आईची तर गर्भपिशवीच काढलेली. कधी, विचारलं तर म्हणते, "द्राक्षांची गोडी छाटणी चालू होती, तू दुसरीत होतीस." म्हणजे अवघी एकतीसची.

मग काय, त्या वर्षाची ऑक्टोबरची पानं काढली. तुम्ही द्राक्षांचं सगळं लिहिलंय. कुठली फवारणी, किती घड, ट्रॅक्टर बिघडला तेही. ऑपरेशन मात्र कुठेच नाही. चौदा ऑक्टोबरला फक्त, "मजूर एक कमी." आणि बारा दिवसांनी, "मजूर पूर्ण."

नाना, तो कमी पडलेला मजूर म्हणजे आईच ना? डॉक्टरांना तारीख द्यायचीय. हो की नाही, एवढंच फोनवर सांगा.

हर्षाली