वाकडे अंगठे

धुळे, मंगळवार, १२ जानेवारी १९८८

शिरपूरकडची चार वर्षांची मुलगी, पाठीवर दगडासारख्या गाठी. उद्या सर्जन गाठीचा तुकडा काढणार होते. तिचे पाय टेबलावर घेतले आणि मी थबकलेच. दोन्ही अंगठे आखूड, आत वळलेले. जन्मापासूनचे, आजी म्हणाली. असे अंगठे ही एका आजाराची खूण; तो आजवर फक्त पुस्तकात पाहिला होता. यात मांसाचंच हाड होत जातं. कापलं, रगडलं, सुई टोचली की आणखी झपाट्यानं. सर्जनना फोन करून थांबवलं. तेवढं तरी जमलं.

पण आजी? गाठी विरघळाव्यात म्हणून ती रोज गरम तेलानं पाठ रगडतेय. हे सगळं तिला कुठल्या तोंडानं सांगू? एवढंच म्हटलं, "आजी, मालिश आजपासून बंद. यावर औषध नाही."

"मंग आते मी काय करू, डाक्टरबाई?"

मी पुन्हा त्या अंगठ्यांकडे पाहिलं. पोरगी जन्मल्याबरोबर ते कुणाला दिसले नसतील? दिसले असतील. थोडे वाकडे आहेत, म्हणून सोडून दिले असतील.

संध्याकाळी वॉर्डात गेले. मालिशची वेळ झाली म्हणून पोरगी झगा वर करून आजीकडे पाठ करून बसली होती. आजीनं दोन्ही हात पदराखाली लपवले होते.