बिनशेपटीचं मांजर

३ तारीख, सोमवार
पोचलो एकदाचे! दाजींनी शब्द पाळला. आमचं पार्सल ऑफिस बंद पडलं तेव्हा सगळे म्हणाले, तेरा वर्षं गाठी मारणाऱ्याला आता कोण विचारतंय? ताईच्या नवऱ्याने विचारलं. लढाई जवळ आल्यामुळे हे शहर रिकामं करायचं चाललं आहे आणि दाजी त्यासाठीच्या केंद्राचे प्रमुख आहेत. केंद्र एका शाळेत आहे. आम्हा तिघांना राहायला चौथीचा वर्ग मिळाला. लेक अजून दुसरीत आहे, त्यामुळे परीक्षा न देताच चौथीत आले म्हणून ती सगळ्यांना सांगत सुटली आहे. बायकोने नकाशाचा पडदा केला.
माणसांना बसने नदीपलीकडच्या गावी पाठवायचं, चार तासांची वाट. दाजी म्हणाले, शेवटच्या बसमध्ये आपण घरची माणसं, तू निर्धास्त राहा.

५ तारीख, बुधवार
काम आवडलं. प्रत्येकाच्या मनगटाला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, वर नाव आणि नंबर. माझी गाठ ओढाल तितकी आवळते. पण लोक बसमध्ये चढायलाच तयार नव्हते. गेलेल्यांची खबर नाही, फोन बंद. म्हणून मी कालच दाजींना सुचवलं की पार्सलाची असते तशी माणसाचीही पोच हवी. चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग पोचल्यावर फाडायचा, तिथे सही घ्यायची आणि ड्रायव्हरबरोबर परत पाठवायचा. दाजींनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली, मग पाठ थोपटली.
आज पहिल्या पोचा आल्या. मी त्या फळ्यावर टाचल्या. लोक येऊन आपापल्या माणसांची नावं बोटाने शोधत होते. एक म्हातारे मास्तर तर माझा हात धरून रडले. दुपारी रांग फाटकाबाहेर गेली. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपल्या गाठींचं चीज झालं.

८ तारीख, शनिवार
सकाळी शेजारच्या गल्लीत तोफगोळा पडला. वर्गाच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. दाजी म्हणाले, दोघींना आजच पुढे पाठव. बायको ऐकेना. गेलो तर तिघं जाऊ, म्हणाली. मी तिला फळ्यापाशी नेलं, पोचा दाखवल्या, आवाजही चढवला. शेवटी ती एवढंच म्हणाली, की तुमचा कागदावर जेवढा विश्वास आहे तेवढा माझ्यावर असता तर. आणि चढली.
दोघींच्या गाठी मीच मारल्या. लेक मुसमुसत होती, म्हणून तिच्या चिठ्ठीच्या खालच्या अर्ध्यावर मांजर काढून दिलं, बिनशेपटीचं. पोचलीस की तू शेपटी काढ, म्हणजे मला कळेल. तिला हसू आलं. पेन्सिल तिने मुठीत घट्ट धरली होती.
ताईलाही पाठवा म्हटलं, तर दाजी म्हणाले, तिला बस लागते.

९ तारीख, रविवार
पोच आली. सही आहे, सुखरूप असं लिहिलं आहे.
मांजराला शेपटी नाही.
विसरली असेल. पण कबूल केलेलं बिस्किट तीन महिन्यांनी मागून घेणारी पोर ही. विसरेल?
संध्याकाळी फळ्यावरच्या सगळ्या पोचा उतरवल्या आणि एकावर एक रचल्या. पुठ्ठा ओळखण्यात माझा जन्म गेला. चाळीस माणसांनी फाडले तर चाळीस काठ वेगळे यायला हवेत. हे सगळे एकानेच, पट्टी ठेवून फाडले आहेत. एकच काठ. सुखरूप, सुखरूप, सुखरूप. एकच हात.

१० तारीख, सोमवार
चार तासांची वाट, आणि बस तासाभरात रिकामी परत येते. हे आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं नाही? मी मान खाली घालून गाठी मारत होतो.
ड्रायव्हरला गाठलं. आधी म्हणाला, मला विचारू नका. मग बोलला. नदीवरचा पूल पडला आहे. बस लष्कराच्या तेलाच्या टाक्यांकडे जाते. माणसं टाक्यांच्या मधल्या आवारात ठेवतात, वरून दिसतील अशी. माणसं दिसली की शत्रू बॉम्ब टाकत नाही म्हणे. चिठ्ठ्या तिथेच फाडतात आणि सह्या दाजींच्या खोलीत होतात.
पूल कधी पडला विचारलं. दोन तारखेला.
मी तीन तारखेला आलो.

११ तारीख
दाजींच्या घराला कुलूप. शेजारी म्हणाले, काल पहाटेच गेले, मोटारीने, डोंगराच्या वाटेने. मागची सीट रिकामी होती. तिघं मावलो असतो.
ताई, तुला माहीत होतं का गं? तुझ्या मांडीवर वाढलो मी.
केंद्रात येऊन रांगेला ओरडून सांगितलं, चढू नका! कुणी ऐकेना. मास्तरांनी नव्या पोचांनी भरलेल्या फळ्याकडे बोट केलं, म्हणाले, तुम्हीच तर दाखवलंत. एका बाईने विचारलं, जागा नातेवाइकांसाठी अडवता का?
फळा उपडा केला. लोकांनी पोचा वेचून पुन्हा टाचल्या.
पहाऱ्यावरच्या शिपायांनी मला बाजूला नेलं. रांग हलली.

१२ तारीख
सकाळी मीच चढलो. दोघी तिथे आहेत, मग मी इथे काय करू? स्वतःच्या मनगटाला गाठ मारली, एका हाताने आणि दातांनी.
मास्तर शेजारी बसले. म्हणाले, तुम्ही बरोबर आहात म्हणजे काळजी नाही. मी पुन्हा सांगितलं, टाक्या आहेत. ते हसले—
नदी उजवीकडे राहिली. बस डावीकडे वळली. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर.

दुपार
टाक्या. डोक्यावर ऊन. तारेचं कुंपण. शेकडो माणसं, सगळ्यांच्या मनगटाला माझी गाठ. काहींचे हात सुजलेत. सोडवायला गेलं की आवळते.
दोघी सापडल्या. बायकोने माझ्या मनगटाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.
लेकीच्या मुठीत पेन्सिल आहे अजून. म्हणाली, बाबा, शेपटी काढायच्या आधीच त्यांनी—

वरून आवाज येतो आहे. लांबून. विमानं असावीत. माणसं दिसली की टाकत नाहीत, ड्रायव्हर म्हणाला होता. त्याला कुणी सांगितलं? दाजींनीच ना—
सगळे माझ्याकडे बघताहेत. लेक सांगत सुटली आहे, माझे बाबा केंद्रात आहेत, त्यांच्याकडे यादी असते, ते आपल्याला न्यायलाच आले आहेत. माणसं उठून रांग लावताहेत, माझ्यासमोर, मनगटं पुढे करून. मी त्यांना काय—