अध्यक्षांचे कोरडे बूट

उरण, पौष शुद्ध अष्टमी, १९५८

नव्या घरांसाठी जागा ठरवायला आज नगरपालिकेची मंडळी आमच्या मिठागराशेजारच्या पडीक जमिनीवर आली. अध्यक्षांचे पांढरे बूट अगदी कोरडे. याच माणसाने रस्त्यासाठी आमची पडवी पाडली, स्वतःची वाचवली.

"काय रे, पाणी चढतं का इथं?"

"आज तरी न्हाय, शेट."

अष्टमीला भांगाची, म्हणजे लहान भरती. पुनवेच्या उधाणाला इथे गुडघाभर पाणी असतं, पण ते मी कशाला सांगू? पहिला प्लॉट त्याने स्वतःसाठीच धरला.

घरी आलो तर बहीण म्हणाली, "दादा, तिथल्या घरासाठी मीपण अर्ज केलाय."

तिला तो मागे घ्यायला लावीन. बाकीच्यांचं काय? त्यांनाही गुपचूप सांगेन.

ते बूट मात्र भिजलेले बघायचेत मला.