संकलनाचा नारळ

१० सप्टेंबर १९५५, जळगाव

तीनच्या खेळाला गेले एकदाची. काल यांनी येऊ दिलं नाही. "गर्दी आहे, उद्या ये." नवरा थेटरात ऑपरेटर, आणि बायकोलाच जागा नाही! शेजारची धुरपदाबाई कुणाकडून ऐकून आलीय, काल निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. असो.

पण बोलपट काय आहे! आई तापलेल्या पोरीच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवते, दुसरी पिळायला वळते — आणि खट्ट. दाराची कडी लागावी तसा आवाज. लगेच तीच आई अंगणात, हातात पोरीचा झगा, शेजारणीला देतेय. "तुमच्या धाकटीला होईल." बस्स. मरण नाही, हंबरडा नाही.

मी पदर तोंडात कोंबला. आमची कुंदा गेली तेव्हा अस्संच झालं होतं. पट्टी आठवते, मग एकदम झगाच आठवतो. मधलं काहीच आठवत नाही. हे त्या संकलकाला कसं कळलं असेल?

बाहेर आल्यावर सोबत आलेली धुरपदाबाई म्हणाली, "पोर कव्हय मरनी, समजनंच नही वं माले." म्हटलं, बाई, तीच तर खुबी आहे.

११ सप्टेंबर

जेवताना यांना ते सगळं सांगायला लागले. म्हणाले, "आमटी वाढ."

दगड आहे हा माणूस. कुंदाला जाऊन दोन वर्षं झाली, एकदा तिचं नाव तोंडात नाही. डोळ्यांत टिपूस नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मशीनवर हजर! मी एकटीनेच रडायचं, तेही चुलीपाशी, धुराचं निमित्त करून.

१५ सप्टेंबर

साप्ताहिकात माझं परीक्षण आलं. त्या 'खट्ट'वरच अर्धा रकाना लिहिलाय — दुःखाने घराला आतून कडी लावली, वगैरे. संपादक तोताराम नाना म्हणाले, "प्रमिलाबाई, हे तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं." माझ्या शाळेतल्या शिक्षिकांनीही वाचलं. यांनी वाचलं की नाही कोण जाणे. पेपरची घडी मोडलेली दिसली खरी.

२ ऑक्टोबर

समीक्षक मंडळाची बैठक. आम्ही पाच जणं, त्यात बाई मी एकटी. मी ठराव मांडला — यंदा संकलनालाही पारितोषिक द्यायचं. एकाने विचारलं, "संकलन म्हणजे वर्गणी गोळा करणं ना?" नाना म्हणाले, "कात्री चालवणाऱ्याला बक्षीस, तर आमच्या गल्लीतल्या शिंप्याने काय घोडं मारलंय?" सगळे हसले. मी हसले नाही. पट्टी, खट्ट, झगा — सगळं सांगितलं. कुंदाचं सगळ्यांना ठाऊक आहे, मग कोणी हसलं नाही.

शेवटी नाना म्हणाले, "शाल परवडायची नाही. नारळ देऊ." नटाला शाल, दिग्दर्शकाला शाल, संकलकाला नुसता नारळ. चालेल!

तर धुळ्याचे रतिलालभाऊ अडून बसले. आता तो बोलपट त्यांच्याकडे लागलाय, त्यांनी परवाच पाहिला. "कसलं काय, ताई? पोर मरताना नुसती रडारड आहे. आमच्या घरच्यांचा पदर भिजला." म्हटलं, भाऊ, तुम्हाला झोप लागली असेल. ते चिडले नाहीत. "या धुळ्याला, आपण सोबत बघू. मग मत देऊ." निर्णय येत्या रविवारी.

४ ऑक्टोबर

परवा धुळ्याला जाणार म्हणून यांना सांगितलं. "कशाला? मत देऊन टाक तसंच." मी डबा घासत होते, परत मागे येऊन उभे राहिले. "नको जाऊस." कारण विचारलं तर डब्याचं झाकणच पुसायला घेतलं. जाणारच आता.

६ ऑक्टोबर, धुळे

रतिलालभाऊ आणि त्यांच्या कुटुंबाबरोबर बसले. आई पट्टी पिळायला वळली. खट्ट. आणि मग ते सगळं आलं. पोरगी पाणी मागते. हात सैल पडतो. आईचा तो आवाज. पुष्कळ वेळ चाललं. मग परत खट्ट, आणि अंगण, आणि झगा.

मी उठले नाही. रतिलालभाऊ जिंकले. त्यांच्या बायकोने माझा हात धरून ठेवला होता.

फिल्मचा जोड मशीनमधून जाताना असाच वाजतो; दोनदा खट्ट म्हणजे तुकडा कापून पुन्हा जोडलाय. ऑपरेटरची बायको आहे मी, एवढं कळतं. जळगावात थेटरच्या शेठनेच कापायला लावला असणार, खेळ लवकर सुटावा म्हणून! आणि यांनी निमूट कापला, धुळ्याला पाठवताना जोडून दिला. आणि मी वेडी, त्यावर रकाने भरले! शेठला आता छापूनच काढते.

७ ऑक्टोबर, जळगाव

आल्या आल्या विचारलं. "शेठला काही बोलू नकोस," म्हणाले. "त्याला माहीतच नाही. मी कापला." का? सदरा घातला आणि निघून गेले. माझी मंडळात शोभा होणार त्याचं काहीच नाही!

९ ऑक्टोबर

बैठकीला निघाले तर हे दारात. खाली बघून म्हणाले, "पहिल्या दिवशी त्या तुकड्याला मीच भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तू येणार होतीस. कुंदीची आई तिथं एकटी बसणार, आणि मी वर मशीनपाशी."

कुंदी म्हणाले.

ठराव मागे घेतला. नाना म्हणाले, "एक नारळ वाचला." येताना बाजारातून मीच घेतला. यांच्या हातात दिला. "कशाचा?" म्हटलं, संकलनाचा.

फोडताना म्हणाले, "पाणी कुंदी पिऊन टाकायची, नाही?"

म्हटलं, हो. सगळं.